इंजिनाचा दम गेला? कॅमशाफ्ट पाहा



दुधना-गोदावरीच्या काठी रब्बीत वीज गेली की भिस्त डिझेल इंजिनावर. ऐन ओंब्यांत ते काळा धूर सोडतं, पाणी कमी फेकतं. नोझल, रिंगा बदलूनही दम येत नसेल तर कॅमशाफ्ट पाहा.

कॅमचा उंचवटा व्हॉल्व्ह उचलतो. तो झिजला की व्हॉल्व्ह कमी उघडतो, हवा अपुरी पडते, डिझेल अर्धवट जळतं. टॅपेट जास्त आवळून ही झीज भरत नाही. उलट व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो.

झीज अशी मोजा. कॅमचं उभं माप समजा ३६ मिलिमीटर, आडवं ३०. म्हणजे उचल ६. ती इंजिनाच्या पुस्तिकेशी ताडून पाहा.

ग्राइंडिंगला देताना मिस्त्रीला बजावून सांगा : टोक जेवढं झिजलं, तेवढी खालची गोल बाजूही उतरवा, तरच मूळची उचल राहील. मात्र वरचा कडक थर पातळ असतो. तो निघून गेला तर कॅम पुन्हा लवकर झिजतो. झीज फार असल्यास नवाच कॅमशाफ्ट घ्यावा.

जोडीला टॅपेट तपासा, अंतर नव्याने लावा आणि ऑईल वेळेवर बदला. डिझेल वाचेल, पिकाला पाणीही वेळेवर मिळेल.