नोटीस कुणाच्या हाती पडली?

सरकार आणि न्यायालयं इंटरनेटवर आली, याचा ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या माणसाला अर्थ काय, हे मला फेरफाराच्या नोटिशीवरून सांगायचं आहे.

जमीन विकली गेली किंवा वारस लावायचे झाले की तलाठी फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, धरतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 150 प्रमाणे त्याची प्रत चावडीवर लावायची आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना लेखी कळवायचं. हरकतीला पंधरा दिवस मिळतात. आता ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की फेरफाराचा नंबर, गट नंबर आणि हरकतीची शेवटची तारीख दिसते. ठाण्यात नोकरी करणाऱ्याला गावच्या जमिनीवर तिथून लक्ष ठेवता येतं. ही मोठी सोय झाली, यात वाद नाही.

पण डोळखांब किंवा टोकावड्याच्या बाजूचं एखादं कातकरी कुटुंब डोळ्यांपुढे आणा. दिवाळीनंतर ते बिऱ्हाड घेऊन वीटभट्टीवर जातं, ते पावसाच्या तोंडावर परत येतं. दाराला कुलूप आहे आणि नोटीस पडद्यावर आहे. पंधरा दिवस सरतात, नोंद मंजूर होते. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला देताना परवानगी लागते, पण वारसनोंदीतून बहिणीचं नाव गळलं तर तिला कळणार कधी? समृद्धी महामार्ग शहापुरातून गेला, जमिनीचे भाव चढले. अशा वेळी गळलेलं एक नाव फार महाग पडतं.

मग अपील. ते प्रांताधिकाऱ्यांकडे. शहापूरवाल्यांचे प्रांत भिवंडीला, मुरबाडवाल्यांचे कल्याणला. मुरबाडला रेल्वे नाही. एसटी नाहीतर जीप. तिथे पोचल्यावर कळतं, साहेब दौऱ्यावर आहेत, पुढची तारीख घ्या. त्या दिवसाची मजुरी बुडाली ती बुडालीच.

दिवाणी न्यायालयाच्या तारखा आता फोनवर दिसतात. सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर टाका, खटला समोर येतो. ई-कोर्टच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने 2023 मध्ये 7,210 कोटी रुपये मंजूर केले. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचं कामकाज 27 सप्टेंबर 2022 पासून थेट दिसू लागलं, आणि पहिल्याच दिवशी महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाची सुनावणी लोकांनी मोबाइलवर पाहिली. दिल्लीचं न्यायालय पाड्यावरच्या फोनमध्ये दिसतं, मग कल्याणच्या प्रांतांपुढे उभं राहायला मुरबाडच्या बाईने दिवस का मोडावा?

माझं मागणं साधं आहे. नोटीस संकेतस्थळावर चढली म्हणजे बजावली, असं कुठल्याही कचेरीने धरू नये. हरकतीची मुदत नोटीस हाती पडल्यापासून मोजावी, आणि ती हाती पडली हे सिद्ध करण्याची जबाबदारी कचेरीची असावी. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडचाही काही भाग आहे. तिथल्या ग्रामसभेत प्रलंबित फेरफार मराठीत मोठ्याने वाचून दाखवावेत. स्थलांतराला गेलेल्यांचे फोन नंबर ग्रामपंचायतीत नोंदवून घ्यावेत आणि संदेश पाठवून न थांबता फोन लावावा, कारण ज्याला वाचता येत नाही त्याला ऐकता येतं. आणि प्रांतांपुढच्या सुनावणीला तहसील कचेरीतल्या पडद्यावरून हजर राहण्याची मुभा पक्षकाराने मागितली की मिळावी. तारीख पुढे गेली, तर का गेली आणि कुणामुळे गेली, तेही त्याच दिवशी त्याच्या फोनवर मराठीत यावं.