कन्याशाळेतील गायनाचा तास

(भोपाळ येथील महाराणा प्रताप नगरात भक्तमंडळींसमोर झालेले व्याख्यान)



भोपाळ नगरीच्या ह्या भागाला एका महान वीराचे नाव लाभले आहे. तथापि आज महाराणा प्रताप नगर म्हटले की आईबापांच्या डोळ्यांपुढे येतात ते येथील कोचिंगचे वर्ग. दुपार कलली की पाठीवर दप्तरे घेतलेल्या मुलामुलींचे थवे ह्या रस्त्यांवर दिसू लागतात आणि दिवेलागणीनंतरही ते ओसरत नाहीत. वैद्यकी आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांसाठी ही मुले जे कष्ट उपसतात त्यांविषयी आदरच वाटला पाहिजे. परंतु ह्या थव्यांतील मुलींच्या घरी डोकावले तर पुष्कळदा एकच दृश्य दिसते. कपाटावर खोळीत गुंडाळलेला तानपुरा असतो, किंवा कोपऱ्यात झाकून ठेवलेली पेटी असते. मुलगी आठवीपर्यंत गात होती. नववीत गाणे सुटले. कारण विचारले तर आई म्हणते, "वेळ कोठे आहे?" शाळेतही निराळे काही घडत नाही. परीक्षा जवळ आली की पहिली कुऱ्हाड कोसळते ती गायनाच्या तासावर, आणि तो तास गणिताच्या स्वाधीन होतो. हा तास मुलींच्या शाळेत राहावा की जावा, आणि राहायचा असेल तर कोणत्या स्वरूपात राहावा, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

महाराष्ट्रात स्त्रियांच्या गाण्याला पूर्वी शाळा नव्हती, जाते होते. पहाटेच्या अंधारात दोघी जणी समोरासमोर बसत, खुंट्याला हात घालीत, आणि दळणाबरोबर ओवी सुरू होई. माहेर, भाऊ, लेक, पंढरीची वाट, सासरचा जाच, सगळे त्या ओवीत येत असे. दळताना विठ्ठलाला हाक मारणारी संत जनाबाई आपणां सर्वांना परिचित आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या गाणाऱ्या बहुतेक बाया शाळेचे तोंडही न पाहिलेल्या होत्या. पुढे पिठाची गिरणी आली आणि जाते अडगळीत गेले. ते गेले हे बरेच झाले. दळणाचे कौतुक करणाऱ्या पुरुषाने एक आठवडा पहाटे उठून पायलीभर ज्वारी दळून पाहावी. परंतु जात्याबरोबर गाण्याची रोजची जागा गेली, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही. श्रावणातली मंगळागौर आणि आश्विनातला भोंडला एवढे चार दिवस काय ते उरले.

ह्या जात्याच्या गाण्यात एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी होती. तेथे निवड नव्हती. जिचा गळा गोड ती गाईल आणि बाकीच्या ऐकतील, असा प्रकार नव्हता. ज्या घरात दळण, त्या घरात गाणे. जी दळील ती गाईल. ऐकणारे कोणी असलेच तर मांडीवर निजलेले मूल. ह्या गोष्टीकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

शास्त्रोक्त गायनाची कथा वेगळी आहे. ते घराण्यांत बंदिस्त होते, आणि चार लोकांत गाणारी स्त्री म्हणजे कलावंतीण, असा समाजाचा ग्रह होता. १८८४ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींच्या प्रयत्नाने मुलींचे हायस्कूल निघाले, तीच पुढे हुजूरपागा म्हणून प्रसिद्धीस आलेली शाळा. त्या वेळी मुलींना इंग्रजी कशाला, अशीच मोठी ओरड झाली होती. जेथे भाषेला विरोध, तेथे स्वराला दार कोण उघडणार? दार किलकिले होण्यास दोन महाराष्ट्रीय कारण झाले. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर ह्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि १९०८ मध्ये मुंबईस त्याची शाखा काढली. फी, वर्ग, क्रमिक पुस्तके, परीक्षा ह्या शाळेच्या पद्धतीने गायन शिकविता येते, हे त्यांनी लोकांच्या प्रत्ययास आणून दिले. चिजांतील शृंगारिक शब्दांच्या जागी भक्तिपर शब्द घालण्याचा त्यांचा प्रघात रसिकांस सर्वत्र रुचला नाही, आणि त्यात काही चिजांचे नुकसानही झाले असेल. परंतु त्यामुळेच मध्यमवर्गीय बापाला आपल्या मुलीला गाण्यास पाठविण्याचे धैर्य झाले, हे विसरता येत नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे ह्यांनी ग्रंथ आणि क्रमिक पुस्तके लिहून विद्या सर्वांच्या हाती दिली, आणि ग्वाल्हेरीस १९१८ साली सुरू झालेले माधव संगीत महाविद्यालय त्यांच्याच योजनेचे फळ होय. महर्षी कर्वे ह्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापिले. त्यात पुढे संगीताचा स्वतंत्र विभाग नांदू लागला.

येथे एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. ज्या कलावंत स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या ही विद्या गळ्यात जतन केली, त्यांना प्रतिष्ठित शाळांची दारे दीर्घकाळ बंदच राहिली. विद्या त्यांची, आणि प्रतिष्ठा मात्र दुसऱ्यांच्या मुलींना! गोमंतकातील केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर ह्यांनी केवळ स्वतःच्या तपश्चर्येने समाजाला मान तुकविण्यास लावले. हिराबाई बडोदेकर ह्यांनी तिकीट लावून, नऊवारी नेसून, भर सभागृहात बसून ख्याल गाइला आणि घरंदाज बायकांना श्रोत्यांत येऊन बसण्यास संकोच वाटेनासा झाला. आज कन्याशाळेत पेटीवर निःशंकपणे सरगम म्हणणाऱ्या मुलीच्या पाठीमागे ह्या स्त्रियांचे ऋण उभे आहे. गायनाचा तास आयता मिळालेला नाही. म्हणून तो आयता सोडूनही देऊ नये.

आता "वेळ कोठे आहे?" ह्या प्रश्नाकडे वळू. गाण्याने अभ्यास बुडतो, ही भीती जुनी आहे. तिला उत्तर म्हणून काही चरित्रे सांगता येतील. डॉ. प्रभा अत्रे ह्यांचा जन्म १९३२ साली पुण्यात झाला. आईची प्रकृती बरी नसे, गाण्याने बरे वाटेल म्हणून तिला गायन शिकविण्यास शिक्षक येऊ लागले. आईने ते लवकरच सोडले; मुलीने धरले ते जन्मभर सोडले नाही. त्या विज्ञानाच्या पदवीधर झाल्या, कायद्याच्या पदवीधर झाल्या, सरगमवर प्रबंध लिहून त्यांनी आचार्यपद मिळविले, आणि मुंबईस श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख म्हणून मुलींना शिकविले. २०२२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. २०२४ च्या जानेवारीत त्या निवर्तल्या. पूर्वाश्रमीच्या वैद्य असलेल्या मालिनी राजूरकर तर महाराष्ट्राबाहेर, राजस्थानात अजमेर येथे वाढल्या. तेथील सावित्री कन्याशाळा व महाविद्यालयात गणित घेऊन त्या पदवीधर झाल्या आणि तेथेच तीन वर्षे त्यांनी मुलींना गणित शिकविले. पुढे शिष्यवृत्ती मिळाली, अजमेरच्या संगीत महाविद्यालयात गोविंदराव व वसंतराव राजूरकर ह्यांजपाशी शिक्षण झाले, आणि टप्प्यासारखा अवघड प्रकार त्यांच्या गळ्यातून सहज वाहू लागला. गणिताच्या शिक्षिकेने गायनाचा तास हिरावून घेतल्याची उदाहरणे सगळ्यांना ठाऊक असतात. हे उदाहरण उलट्या दिशेचे आहे. कानपुरात वाढलेल्या वीणा सहस्रबुद्धे ह्यांनी संगीताबरोबर संस्कृतचाही अभ्यास केला. त्यांचे वडील शंकरराव बोडस हे पलुस्करांचे शिष्य, गुरूच्या इच्छेने उत्तरेत जाऊन राहिलेले. अश्विनी भिडे-देशपांडे ह्यांनी जीवरसायनशास्त्रात आचार्यपद मिळविले आहे.

तथापि ह्या चरित्रांचा भलताच अर्थ काढू नये. ह्या असामान्य स्त्रिया होत्या. त्यांच्या गाण्यामुळे त्यांचे गणित वा विज्ञान सुधारले, असे कोणी म्हणू शकणार नाही. गाणे शिकल्याने गुण वाढतात, स्मरणशक्ती वाढते, म्हणून गाणे शिकवावे, असे अलीकडे आईबापांना पटविले जाते. ही बाजू मोठी दुबळी आहे. उद्या गुण वाढविण्याचा दुसरा सोपा उपाय सापडला तर गाणे टाकून द्यावयाचे काय? गायनाचे मोल गायनातच शोधले पाहिजे.

संस्कृत पाठशाळेत शिकणाऱ्यांना पाणिनीय शिक्षा परिचित असते. तीत अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत, आणि गंमत अशी की त्यांत पहिला क्रमांक गाऊन पाठ म्हणणाऱ्याचा आहे! गाण्याच्या विरोधकांना येथे आनंद होईल. परंतु त्यांनी पुढचा श्लोकही वाचावा. उत्तम पाठकाचे सहा गुण तेथे आहेत: माधुर्य, अक्षरांची स्पष्टता, पदांची योग्य फोड, चांगला स्वर, धीर, आणि लय सांभाळण्याचे सामर्थ्य. गायनाचा तास मुलीला काय देतो, ह्याचे ह्याहून नेमके उत्तर सापडणे कठीण. त्यातही धीर हा गुण विशेष. तानपुरा जुळेपर्यंत थांबावे लागते. स्वर लावण्यापूर्वी ऐकावे लागते. पन्नास मुली एकत्र गाताना आपला आवाज शेजारणीच्या आवाजावर चढू न देणे आणि तिच्यात बुडूही न देणे, हे तेराव्या-चौदाव्या वर्षी शिकलेली मुलगी ते पुढे घरात व सभेतही विसरत नाही. आणि ज्या वयात मुलीला घरोघरी "हळू बोल" असे सांगितले जाते, त्याच वयात शाळेत एक तास असा असतो की जेथे शिक्षिका म्हणते, "आवाज मोकळा सोड." एवढ्या एका कारणासाठी देखील तो तास राखण्यायोग्य आहे.

परंतु कोणता तास? येथे जात्याची गोष्ट पुन्हा आठवावी. पुष्कळ शाळांत संगीत भरभराटीस आले आहे असे मानतात, आणि दाखवितात काय, तर स्नेहसंमेलनातील समूहगान. त्यात दरवर्षी त्याच आठ मुली उभ्या असतात. ढाल शाळेच्या काचेच्या कपाटात जाते. उरलेल्या पाचशे मुलींना, तुझा आवाज चांगला नाही, तू टाळ्या वाजव, असे एकदा सांगितले की त्या जन्मभर गात नाहीत. मठात आरतीच्या वेळीही त्यांचे ओठ मिटलेले असतात. ह्याला भरभराट म्हणता येणार नाही. ज्या शाळेत पाचवीपासून दहावीपर्यंतची प्रत्येक मुलगी आठवड्यातून निदान दोनदा गाते, तेथे संगीत नांदते. मग ढाल मिळो अथवा न मिळो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका इत्यादी परीक्षा उत्तम आहेत, परंतु त्या आवडीने पुढे जाणाऱ्या मुलींसाठी. सर्वांच्या तासाची जागा त्यांनी घेऊ नये.

व्यवहाराच्या काही बाबी लहान वाटतात, पण सारे त्यांवर अवलंबून असते. पुरुष शिक्षक स्वतःच्या काळी एकमध्ये गाऊ लागले की मुलींचा आवाज खाली घुसमटतो. तानपुरा मुलींच्या सुरात, म्हणजे काळी चार वा काळी पाचमध्ये, जुळवून मगच वर्ग सुरू झाला पाहिजे. तबल्यावर दर खेपेस बाहेरचा मुलगा बसविण्याऐवजी दोघीतिघींना ठेका शिकवावा. आणि मुख्य म्हणजे शिक्षिका कायमची असावी. तासावर बोलाविलेली, दर वर्षी बदलणारी शिक्षिका कितीही गुणी असली तरी तिला मुलींचे गळे ओळखण्यास अवसर मिळत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कला व विज्ञान ह्यांत, तसेच अभ्यासक्रमातील व अभ्यासक्रमाबाहेरील विषयांत भिंत नको, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे शाळाचालकांना आता सबबही उरली नाही.

ह्या भूमीला तर हे अपरिचित नसावे. १८१९ ते १९२६ ह्या काळात, मधली काही वर्षे वगळता, भोपाळचे राज्य चार बेगमांनी चालविले, आणि त्यांतील शेवटच्या सुलतान जहान बेगम ह्यांनी मुलींच्या शिक्षणासाठी शाळा काढल्या. आज छत्तीसगडात असलेले खैरागढ त्या वेळी मध्यप्रदेशातच होते. तेथील राजा वीरेंद्रबहादूर सिंह व राणी पद्मावती देवी ह्यांची कन्या इंदिरा हिला गाण्याचा छंद होता. ती बालपणीच गेली. आईबापांनी तिच्या नावाने आपला राजवाडा संगीताच्या विद्यापीठासाठी देऊन टाकला. नवे मध्यप्रदेश राज्य १ नोव्हेंबर १९५६ रोजी अस्तित्वात आले, त्याच्या अठरा दिवस आधी, १४ ऑक्टोबरला, त्या विद्यापीठाचे उद्घाटन झाले. भातखंड्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर त्याचे पहिले कुलगुरू झाले.

आता त्या खोळीतल्या तानपुऱ्याविषयी. वर्षभर पडून राहिलेल्या वाद्याच्या तारा गंजतात. त्या बदलून घ्याव्या लागतील. जवारी उतरली असेल, तीही जाणत्या कारागिराकडून लावून घ्यावी लागेल. मिरजेचे वाद्य असेल तर भोपळ्याला भेग नाही ना, एवढे पाहावे. शाळा सुटल्यापासून कोचिंगचा वर्ग भरेपर्यंत जो पाऊण तास मिळतो, त्यातली वीस मिनिटे षड्ज लावण्यास पुरतात. सुरुवातीला आवाज फाटेल. आईने स्वयंपाकघरातून हाक मारू नये. जमल्यास शेजारी येऊन बसावे, आणि तिलाही गावेसे वाटले तर गावे.