भाज्यांचा शेजारधर्म
(तू बिश्वातनिमित्त सिनॅगॉगच्या सभागृहात दिलेले भाषण, ध्वनिमुद्रणावरून)



तू बिश्वातच्या दिवशी मलिद्याच्या ताटासमोर झाडांविषयी बोलण्याची प्रथा आहे. आज मात्र मी भाज्यांविषयी बोलणार आहे. एका भाजीशेजारी दुसरी लावली असता दोघींचे भले होते, या विचाराला आपण सहपीक किंवा मिश्रलागवड म्हणतो. आपल्या मंडळीत यावर दोन मते पडली आहेत. तरुण घरांतून टोमॅटोच्या बुंध्याशी रेहान, म्हणजे इथली तुळस, आणि मक्यावर वाल चढवण्याची हौस वाढली आहे. वडीलधारी माणसे म्हणतात, हे किलायिम, हे या भूमीत चालत नाही. काही घरांत यावरून तरारलेली रोपे उपटली गेली आणि मनेही दुखावली. म्हणून हा विषय शांतपणे उलगडावा असे मला वाटले. अनेक वर्षे रुग्णसेवेत काढल्यामुळे कोणताही उपाय ऐकला की त्याचा गुण खरोखर येतो का आणि कोणत्या मार्गाने येतो, हे विचारण्याची मला सवय आहे. तोच प्रश्न आज भाजीच्या वाफ्याला विचारू.

आधी आज्ञा पाहू. लेवीय १९:१९ मध्ये शेतात दोन जातींचे बी मिसळून पेरण्यास मनाई आहे. अनुवाद २२:९ मध्ये द्राक्षमळ्याविषयी वेगळी व अधिक कडक आज्ञा आहे. धान्य व भाज्यांच्या बियांची ही मनाई इस्राएलच्या भूमीपुरती आहे. अलिबाग, रेवदंडा, पेण येथे आपल्या आजीने परसात एकाच आळ्यात दोन बिया टोचल्या असतील, तर तिने काही मोडले नाही. तिची मोकळीक मात्र आपल्याला अश्दोदच्या वाळूत नाही. इथे येऊन आपण जमीन मिळवली, तसे जमिनीचे नियमही मिळवले.

परंतु नियम मिसळण्याविरुद्ध आहे, शेजाराविरुद्ध नाही. मिश्नातील किलायिम या प्रकरणाच्या तिसऱ्या अध्यायाचा आरंभच पाहा: सहा तेफाह लांब व सहा तेफाह रुंद एवढ्या लहान वाफ्यात पाच प्रकारच्या भाज्या कशा लावाव्यात, चार चार बाजूंना आणि एक मधोमध, हे तेथे सांगितले आहे. तेफाह म्हणजे मुठीची रुंदी, सुमारे ८ ते साडेनऊ सेंटीमीटर. म्हणजे हा वाफा जेमतेम अर्ध्या मीटरचा, आणि त्यात पाच शेजारणी! आपल्या शास्त्रकारांनी बागेला ओसाड ठेवले नाही. प्रत्येकीला तिची जागा मोजून दिली.

आता शेजाराचा गुण कोणत्या मार्गाने येतो ते पाहू. मला चार मार्ग दिसतात.

पहिला मार्ग किड्यांचा. मावा खाणाऱ्या सिरफिड माशीच्या अळ्या फार उपयोगी. पण प्रौढ माशीला मध व पराग लागतो. कोथिंबिरीची चार रोपे फुलावर येऊ द्यावीत, किंवा कडेला अ‍ॅलिसमची पांढरी फुले लावावीत, म्हणजे ती माशी येते. हात-दीड हात अंतर तिला काहीच नाही. ती उडून जाते. शोभेसाठी लावलेल्या, माणसे किंवा जनावरे न खाणाऱ्या फुलझाडांना किलायिमचा नियम लागत नाही, म्हणून अ‍ॅलिसम भाजीला खेटून लावले तरी चालते.

झेंडूचेही तेच. भारतात टोमॅटोच्या दर १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ लावण्याची शिफारस आहे, कारण फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूकडे ओढला जातो. झेंडूच्या मुळांतून निघणारे द्रव्य मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींनाही मारक ठरते, आणि आपल्या वालुकामय जमिनीत हे सूत्रकृमी फार. मात्र कडेची दोन रोपे त्यासाठी पुरत नाहीत. टोमॅटोच्या आधी दोनेक महिने संपूर्ण वाफा झेंडूने भरावा आणि मग तो मातीत गाडावा, तेव्हा गुण येतो. औषध खरे असले तरी मात्रा चुकली की उपयोग नाही.

दुसरा मार्ग सावलीचा. उन्हाळ्यात कोथिंबीर लगेच फुलावर जाते. ती कढीपत्त्याच्या किंवा डाळिंबाच्या सावलीत लावली तर थोडी अधिक टिकते. झाडाखाली भाजी पेरण्यास हरकत नाही, अपवाद द्राक्षवेलीचा. वेलीपासून भाजी दूरच ठेवावी, कारण तेथे पीकही निषिद्ध होते. साध्या भाज्यांच्या मिसळीत तसे नाही: लावणे आणि तसेच राखणे निषिद्ध, पण आलेले फळ खाता येते. ज्यांनी तयार टोमॅटो फेकून दिले त्यांनी हे लक्षात ठेवावे.

तिसरा मार्ग काळाचा, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. रायगडात भात कापल्यावर त्याच खाचरात, उरलेल्या ओलीवर, वाल पेरतात. भात आणि वाल एकत्र वाढत नाहीत, पण एकमेकांचे शेजारी आहेत. शेंगवर्गाच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र बांधतात. त्यातला बराचसा त्याच पिकाला लागतो आणि शेंगांबरोबर घरात येतो. उरलेला मुळे व पाने कुजल्यावर पुढच्या पिकाला मिळतो. म्हणून सुक्कोथनंतर बाकला, इथला पोल, लावावा. शेंगा संपल्यावर झाड उपटू नये, जमिनीलगत कापावे. आणि पेसाहच्या सुमारास त्याच जागी टोमॅटो लावावा. यात किलायिमचा प्रश्नच उरत नाही.

चौथा मार्ग प्रत्यक्ष स्पर्शाचा: मक्यावर चढलेला वाल, एकाच खड्ड्यातल्या दोन मुळ्या. तो आपण सोडून द्यावा. वालाला काठी आणि सुतळी पुरते. रेहानमुळे टोमॅटोची चव वाढते असे म्हणतात, त्याला भक्कम पुरावा मला आढळलेला नाही. ती चव ताटात एकत्र आणावी. तेथे कोणतीच मनाई नाही.

व्यवहारात काय करावे? दोन भाज्यांमध्ये ३० सेंटीमीटर अंतर ठेवावे. तीन तेफाहांचे मोठे मापही त्यात बसते. ३० सेंटीमीटरवर छिद्रे असलेली ठिबक नळी बाजारात मिळते. प्रत्येक छिद्राशी एक रोप लावले की मोजपट्टी वेगळी लागत नाही. भोपळा, काकडी यांचे वेल पसरतात, त्यांना कोपरा द्यावा. एका कुंडीत एकच जात लावावी. धान्य, द्राक्षवेल आणि गच्चीतल्या कुंड्या यांविषयी आपल्या रब्बींना विचारावे. माझा डिप्लोमा परिचर्येचा आहे, हलाखाचा नाही.

रुग्णालयात दोन खाटांमध्ये अंतर ठेवतो, ते दुराव्यासाठी नसते. दोघांनाही बरे वाटावे म्हणून असते. आपले पूर्वज कोकणात असेच राहिले. शेजाऱ्यांची बोली बोलले, त्यांच्यासाठी तेल गाळले, त्यांच्या लग्नाकार्यात उभे राहिले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला. म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. अंतर पाळल्याने शेजार तुटला नाही. उलट तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

तेव्हा तरुणांनी हौस सोडू नये आणि वडिलांनी रोपे उपटू नयेत. दोघांनी मिळून वाफा मोजावा. मलिद्याच्या ताटांशेजारी झेंडूच्या बियांच्या पुड्या ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येक घराने एक न्यावी. आता पेराल तर टोमॅटोच्या आधी वाफा तयार होईल.