तमिळनाडूतील सात दिवस: किनारा, देवळे आणि डोंगर

ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे, म्हणजे बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या परतीच्या पावसामुळे, तमिळनाडूचा किनारा भिजत असल्याने या प्रवासासाठी जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी अधिक सोयीचे ठरतात. मामल्लपुरम आणि चिदंबरम यांना एकेक दिवस पुरतो. तंजावरला मात्र दोन दिवस द्यावेतच. राजराज चोळाने उभारलेल्या आणि 1010 मध्ये पूर्ण झालेल्या बृहदीश्वर मंदिरात विमान, म्हणजे गाभाऱ्यावरील शिखर, सर्वांत उंच आहे, तर पुढच्या मुक्कामी मदुराईत गोपुरे, म्हणजे प्रवेशद्वारांवरील मनोरे, आकाशात चढतात आणि गाभारा त्यांच्यामागे ठेंगणा राहतो. हा क्रम पाळल्यास मंदिररचनेतील बदल डोळ्यांदेखत उलगडतो. बृहदीश्वराच्याच आवारातील भिंतीवर दुसऱ्या सरफोजी राजांनी 1803 मध्ये कोरविलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आहे, आणि दूर दक्षिणेत दगडावरची ती देवनागरी अक्षरे वाचताना मराठी माणसाचे मन भरून येणे स्वाभाविक आहे. सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदपत्रांचा संग्रहही याच वारशाचा भाग होय.

दक्षिणेतील बहुतेक मोठी देवळे दुपारी बारा ते चारच्या सुमारास बंद असतात, शिवाय तापलेल्या फरसबंदीवर अनवाणी पाऊल ठरत नाही. म्हणून दर्शन सकाळी आणि प्रवास दुपारी, अशी आखणी करावी. शेवटचे दोन दिवस सुमारे 2,100 मीटर उंचीवरील कोडाईकनालसाठी राखावेत आणि तेथील थंडीसाठी लोकरीचे कपडे बरोबर असावेत.