आधी काम, मग तबकडी



शहाणा शेतकरी बियाणे घेताना पिशवीवरचे चित्र पाहत नाही. आधी आपली जमीन पाहतो. पहिल्या घरगुती संगणकांसाठी फ्लॉपी तबकडी आणि प्रोग्रॅम निवडणे हे याच जातीचे काम होते. ती यंत्रे आता मागे पडली. पण निवडीची रीत अजून कामाची आहे.

उदाहरण बीबीसी मायक्रोचे घेऊ. इंग्लंडातील केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने हे यंत्र १९८१ च्या अखेरीस आणले. शिक्षकबंधूंपैकी काहींना ते आठवत असेल. कारण १९८४-८५ मध्ये भारत सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला, तेव्हा हेच यंत्र निवडले होते.

त्याच्या ‘बी’ नमुन्याची स्मरणशक्ती अवघी ३२ किलोबाइट. एक बाइट म्हणजे इंग्रजीचे एक अक्षर, असे ढोबळमानाने धरा. साधा टेपरेकॉर्डर जोडला की प्रोग्रॅम कॅसेटवर ठेवता येई. खर्च कमी, पण २० किलोबाइटांचा प्रोग्रॅम यंत्रात यायला सुमारे तीन मिनिटे लागत. सव्वापाच इंची फ्लॉपीवरून तेच काम काही सेकंदांत होई.

मग सर्वांनी फ्लॉपीच घ्यावी, असे तुम्ही म्हणाल. जरा थांबा. फ्लॉपीची व्यवस्था पाहणारा भाग त्या ३२ पैकी जवळजवळ पावणेतीन किलोबाइट स्वतःच अडवून बसे. त्यामुळे कॅसेटवर चालणारे काही खेळ तिथे चालेनासे होत.

दुसरा प्रश्न मार्गिकांचा. ४० मार्गिकांच्या तबकडीवर एका बाजूस १०० किलोबाइट मावत, ८० मार्गिकांच्या तबकडीवर २००. पण ८० ची तबकडी ४० च्या यंत्रात वाचता येत नसे. म्हणून शेजारच्या शाळेशी देवाणघेवाण करायची, तर तिच्याकडे कोणते यंत्र आहे हे आधी विचारावे लागे. शिवाय एका बाजूवर नोंदी मावत फक्त ३१. शंभर मुलांसाठी शंभर वेगळ्या नोंदी करायला जाल, तर जागा शिल्लक असूनही तबकडी नकार देई!

आता प्रोग्रॅम. पत्रलेखनासाठी ‘वर्डवाइज’ आणि ‘व्ह्यू’ हे दोन प्रसिद्ध होते. दोन्ही चिपच्या रूपात यंत्राच्या आत बसत, त्यामुळे यंत्र सुरू करताच हाताशी असत. ‘वर्डवाइज’मध्ये लिहिताना पडद्यावर ४० अक्षरांची ओळ दिसे आणि पडद्यासाठी १ किलोबाइट पुरे. ‘व्ह्यू’मध्ये ८० अक्षरांची पूर्ण ओळ पाहता येई, पण त्यासाठी पडदाच निदान १६ किलोबाइट खाई. म्हणजे निम्मी स्मरणशक्ती गेली! लांब लेख लिहिणाऱ्याने पहिला घ्यावा, कागदावरची ओळ डोळ्यांपुढे हवी असणाऱ्याने दुसरा. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, ते असे.

एक गोष्ट मात्र सर्वांना सारखीच लागू. तबकडीच्या उघड्या भागाला बोट लावू नये, तिच्याजवळ लोहचुंबक आणू नये. कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावली की तिच्यावर नवे लिहिले जात नसे, जुने सुरक्षित राही. आणि प्रत्येक नोंदीची दुसरी प्रत दुसऱ्या तबकडीवर हवीच. मुलांच्या वर्षभराच्या गुणांची एकच प्रत ठेवणे म्हणजे बियाण्याची कणगी उंदरांच्या भरवशावर सोडणे होय.

आज तुमच्या शाळेत नवे यंत्र येईल, तेव्हाही हाच क्रम ठेवा. काम कोणते? त्याला प्रोग्रॅम कोणता लागेल? तो आपल्या यंत्रात मावेल का? आणि दुसरी प्रत कोठे राहील? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच पैशाच्या पिशवीला हात घाला. गरीब शाळेचा पैसा एकदाच खर्च होतो.