एका घरात दोन पथ्ये



आपल्याकडे पान वाढायचे झाले की पहिल्याने मीठ वाढतात. भाजी, आमटी, भात ही मंडळी मागाहून येतात. घरात एखाद्याला मीठ कमी करायला सांगितले, म्हणजे पानातल्या या पहिल्या मानकऱ्यालाच उठवायचे असते. ते सोपे नसते. आणि एकाला मीठ कमी हवे, दुसऱ्याला त्यावाचून घास उतरत नाही, असे नवराबायको एकाच घरात असले, तर विचारायलाच नको. अशा एका जोडप्याची हकीकत आज सांगणार आहे. लांब जायला नको. ते जोडपे म्हणजे मी आणि आमची मंडळी.

मी प्राथमिक शाळेतला निवृत्त शिक्षक. गाव माणदेशातले. पाऊस बेताचा, बाजरीची भाकरी, मटकीची आमटी, हुलग्याचे माडगे, आणि सोबत मिरचीचा ठेचा. मुलगा नोकरीला पुण्यास, तेव्हा घरात आम्ही दोघेच. थोडी जमीन आहे, ती मंडळी बघते.

२०१८ साली आमच्या उपकेंद्रात तपासणी होती. मी गेलो तो काही दुखत होते म्हणून नव्हे, चार माणसे निघाली म्हणून. नर्सबाईंनी दंडाला पट्टा बांधला, मोजले, पाच मिनिटे स्वस्थ बसवून पुन्हा मोजले. वरचा आकडा १६८, खालचा १०४. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. १४० आणि ९० किंवा त्याहून वर आकडा वारंवार लागला, तर त्याला रक्तदाब वाढला असे म्हणतात. मी म्हटले, "बाई, मला तर काही होत नाही." त्या म्हणाल्या, "गुरुजी, हाच तर याचा स्वभाव. हा आत बसतो आणि बोलत नाही." खरेच आहे. पुष्कळांना मेंदूला, हृदयाला किंवा मूत्रपिंडाला इजा होईपर्यंत पत्ताच नसतो.

डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. गोळी रोज घ्या, रोज चाला, आणि मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत आणा. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि तो सगळ्या दिवसाचा मिळून. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला घालून दिलेली मर्यादा हीच आहे. जगातला माणूस सरासरीने याच्या दुपटीहून अधिक मीठ खातो, असेही ती संघटना सांगते. मीठ शरीरात पाणी धरून ठेवते, त्यामुळे रक्तवाहिन्यांतला भार वाढतो. मोटेच्या काळात पाटाला पाणी जास्त झाले की बांध फुटायचा, तसाच हा प्रकार.

घरी आलो आणि मास्तराच्या सवयीने हुकूम काढला, "उद्यापासून या घरात मीठ निम्मे." मंडळी म्हणाली, "अहो, पथ्य तुम्हाला सांगितलंय. दिवसभर रानात खपून आल्यावर मला अळणी घास उतरत नाही." मी म्हटले, "अगं, तुझ्याही भल्याचंच आहे." ती गप्प बसली. तिसऱ्या दिवशी पाहतो तो तिच्या ताटाशेजारी मिठाची वाटी, आणि मी पाहताच तिने ती पदराआड केली. आता सांगायला लाज वाटते, पण सांगतो. स्वतःच्या घरात, स्वतःच्या हातच्या स्वयंपाकाला लागणारे मीठ त्या बाईने लपवावे, इतका माझ्या पथ्याचा धाक झाला होता.

मग मी दुसरा तोडगा काढला. माझे वेगळे शिजव, तुझे वेगळे शिजव. ऐकायला हे फार न्यायाचे वाटते. पण शिजवायचे कोणी? तिनेच. भांडी दोन, गॅस दुप्पट, वेळ दुप्पट. आणि झाले असे, की मी आधी जेवून उठायचा आणि माझी अळणी आमटी उरायची. ती टाकायची कशी? म्हणून तीच खायची, आणि तिची तशीच राहायची ती दुसऱ्या दिवशी शिळी. म्हणजे पथ्य माझे, आणि भोगत होती ती.

आणि मी तरी कुठे पाळत होतो? बाजारच्या दिवशी गरम भजी आणि वर तळलेली खारी मिरची दिसली की पाय थबकायचे. घरी अळणी खाल्ले, म्हणजे बाहेर थोडे चालते, असा हिशेब मी मनाशी जमवला होता.

दोन महिन्यांनी उपकेंद्रात गेलो. या खेपेला मंडळीही बरोबर होती. आकडा फारसा उतरला नव्हता. नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले आणि विचारले, "गुरुजी, पथ्य कोण करतंय? तुम्ही की काकू?" तिचा चेहरा ओढलेला दिसत होता. त्यांनी तिच्या बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासले. हिमोग्लोबिन ८.९ निघाले. बाईमाणसाला ते निदान १२ तरी असावे लागते.

श्रोतेहो, दोन महिन्यांच्या माझ्या हुकमाने तिचे रक्त आटले, असे मी म्हणत नाही. ते आधीपासून कमी असणार. पुष्कळ वर्षे कमी असणार. मला म्हणायचे आहे ते असे की इतक्या वर्षांत मी तिच्या ताटाकडे कधी पाहिलेच नव्हते. ती वाढते, मी जेवतो. ती मागाहून काय खाते, किती खाते, हे मला ठाऊक नव्हते. हे आमच्याच घरचे नव्हे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५७ जणींना रक्तक्षय असल्याचे आढळले. आमची मंडळी त्या वयाच्या पुढची. पण सवय त्याच वयात लागते, सगळ्यांचे झाल्यावर उरेल ते खायची.

त्या दिवशी घरी येताना आम्ही दोघेही फारसे बोललो नाही. रात्री तीच म्हणाली, "तुमचं मीठ कमी करायचं आणि माझं रक्त वाढवायचं. दोन पथ्यं झाली. आता तरी एकमेकांना विचारून करू." मी कागद घेतला आणि आम्ही चार गोष्टी ठरवल्या. त्या तुम्हांला सांगतो.

पहिली गोष्ट, भांडे एकच. आमटी-भाजी शिजताना मीठ अर्धेच घालायचे. माझी वाटी काढून घ्यायची आणि मग उरलेल्यात तिला लागेल तेवढे मीठ घालून एक उकळी आणायची. वेगळा स्वयंपाक नाही, जास्तीचा गॅस नाही. भाकरीत आमच्याकडे मीठ नसतेच. ठेचा कुटतानाही माझ्यापुरता आधी काढायचा. मिरची, लसूण, भाजलेले दाणे यांना मिठावाचूनही चव असते. ती आजवर मिठाखाली झाकलेली होती, इतकेच.

दुसरी गोष्ट, लोणच्याची बरणी तिची. ती घराबाहेर जाणार नाही, लपणारही नाही. तिच्या हाताशी राहील, आणि मी मागणार नाही. हे कठीण गेले, खोटे कशाला बोलू? पहिले पंधरा दिवस आमटी म्हणजे नुसते गरम पाणी वाटे. पण जीभ ही शाळेत नव्याने आलेल्या मुलासारखी असते. थोडे दिवस रडते, मग रमते. पाच-सहा आठवड्यांनी एका लग्नात जेवलो, तर तिथली आमटीच मला खारट लागली. तेव्हा कळले की जीभ वळली.

तिसरी गोष्ट, लिंबू दोघांचे. माझ्या कमी मिठाच्या आमटीला लिंबाने चव येते. आणि पालेभाजी, मटकी, हुलगा यांतले लोह अंगी लागायला लिंबाची मदत होते. म्हणजे एक फोड माझ्या पथ्याला, एक तिच्या पथ्याला. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या ती घेऊ लागली. जेवणाबरोबर किंवा जेवण होताच चहा घ्यायची सवय मात्र तिने सोडली, कारण चहामुळे अन्नातले लोह नीट शोषले जात नाही. ती माझे मीठ मोजायची, मी तिचा चहा मोजायचा. फिटंफाट.

चौथी गोष्ट, एकाच वेळी बसायचे. सगळे पदार्थ मध्ये ठेवायचे आणि दोघांनी घ्यायचे. गावात थोडी थट्टा झाली, ती झाली. पण या चार गोष्टींत मला विचाराल, तर हीच मोठी. समोरासमोर बसल्यावर कोणाच्या ताटात काय कमी आहे, हे सांगावे लागत नाही.

आता शिक्षक बांधवांसाठी एक गणित. आपण घरात मीठ किती खातो, हे विचारले तर कोणी सांगू शकत नाही. म्हणून मी एक युक्ती केली. एक किलोची पिशवी फोडली, त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहिली. माणसे दोन, माणशी ५ ग्रॅम, म्हणजे रोजचे १० ग्रॅम. १००० ग्रॅमला १० ने भागले तर पिशवी १०० दिवस पुरायला हवी. आमची पहिली पिशवी ५६ दिवसांत संपली. म्हणजे माणशी जवळजवळ ९ ग्रॅम, आणि यात लोणच्या-पापडातले मीठ धरलेलेच नाही. पुढची पिशवी ८२ दिवस गेली. माणशी ६ ग्रॅमवर आलो. गंमत अशी की मी मंडळीला एका शब्दाने काही म्हटले नव्हते. वरून घालायचे मीठ तिचे तिनेच हळूहळू कमी केले होते. हुकमाने जे झाले नाही, ते शेजारी बसून झाले.

हे उदाहरण चौथीच्या वर्गात घालून पाहा. पाच माणसांच्या घरात पिशवी किती दिवस पुरावी? उत्तर येईल ४० दिवस. मुले घरी जाऊन पिशवीवर तारीख लिहितील, आणि मुलांनी मांडलेला हिशेब घरातली मोठी माणसे मुकाट्याने ऐकतात.

काही सावधगिरीच्या सूचना. सैंधव किंवा जाडे मीठ चालते, अशी समजूत आहे. ती बरोबर नाही. सैंधव हेही मीठच आहे. मीठ कमी करा, पण जे खाल ते आयोडीनयुक्त असू द्या. दुकानात 'कमी सोडियमचे' मीठ मिळते. त्यात पोटॅशियम असते, आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना किंवा रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांना ते घातक ठरू शकते. म्हणून डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. फरसाण, खारे दाणे, पाव, बिस्किटे यांतही मीठ असते, आणि पापडखार व खाण्याचा सोडा यांतही सोडियम असते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे आकडा उतरला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. माझा आकडा आता १३६ आणि ८४ च्या आसपास असतो. तो गोळी, चालणे आणि पथ्य या तिघांचा मिळून आहे. मंडळीचे हिमोग्लोबिन वर्षभरात ११.८ वर आले.

तुमच्या घरी मीठ नसेल, साखर असेल. नवऱ्याला मधुमेह, बायकोला चहा गोड लागतो. किंवा बायकोने तळलेले सोडले आहे आणि नवऱ्याला रोज भजी हवी. रीत तीच. चहा बिनसाखरेचा करावा, ज्याला हवी त्याने वरून घ्यावी. आपल्या नेमाचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर देऊ नये, आणि दुसऱ्याच्या ताटाचे निमित्त करून आपला नेम मोडू नये. बरणी समोर असते म्हणून पथ्य मोडते, असे मी पुष्कळ दिवस म्हणत होतो. बरणी आजही समोरच आहे. ती काही स्वतःहून माझ्या ताटात येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मंडळीने कैरीचे लोणचे घातले. फोडी मुरल्यावर बरणी उघडली, वास घरभर सुटला. तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "एक फोड देऊ का? आज सणाचं." मी म्हटले, "दे, पण अर्धी." तिने अर्धी दिली, उरलेली अर्धी स्वतःच्या ताटात घेतली, आणि दोघांच्या मध्ये एक लिंबू चिरून ठेवले.

आपण आज घरी जेवायला बसाल, तेव्हा आपल्या ताटाकडे पाहाच. पण एकवार शेजारच्या ताटाकडेही पाहा, एवढेच सांगून आपली रजा घेतो. नमस्कार.