ठोकळ्यातली जपानी अक्षरं

फौजेत पेट्यांवर, गाड्यांवर स्टेन्सिलनं रंगवलेली जाड अक्षरं आयुष्यभर पाहिली. निवृत्तीनंतर तोच नाद संगणकावर आणला. आज बोलायचंय ते ठोकळ्यासारख्या सजावटी फॉन्टबद्दल, ज्यात देवनागरीच्या जोडीला जपानी अक्षरंही आहेत.

जपानीच का? मी राहतो गुरुग्रामला. 1983 साली इथल्या कारखान्यातून पहिली मारुती बाहेर पडली. भागीदार जपानची सुझुकी. आज इथे जपानी कंपन्या आहेत, कुटुंबं आहेत, खानावळी आहेत. एकाच पाटीवर दोन लिपी आल्या, तर त्या एकाच घरातल्या वाटाव्यात, एवढीच इच्छा.

आता काम किती, ते बघू. जपानी लिहिताना तीन लिपी मिसळतात. त्यातल्या कांजीची नेहमीच्या वापराची सरकारी यादीच 2136 अक्षरांची. एकट्या माणसानं आधी तिकडे जाऊ नये. काताकानाची मूळ अक्षरं फक्त 46. परदेशी नावं, उसने शब्द याच लिपीत लिहितात. रेघा बहुतेक सरळ, कोन स्पष्ट, म्हणून ठोकळ्यात ती चांगली बसते. आणि त्यांच्या वर्णमालेचा क्रम ऐका: अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म. ओळखीचा वाटला ना? बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून तो तिकडे रुजला.

आपलं अक्षर शिरोरेषेला लटकतं, जपानी अक्षर चौकोनात मधोमध बसतं. म्हणून त्याला शिरोरेषा चिकटवू नका. रेघेची जाडी जुळवा, उंची डोळ्यांनी ठरवा.

खरी कसोटी पुढे आहे. जाड अक्षरात पोकळी बुजते. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मोदक' फॉन्ट पाहा: अक्षरं गुबगुबीत, आतली पांढरी जागा रेघेएवढी, तरी वाचता येतात. तोच धडा इथे लागतो. काताकानात 'सु'च्या उजव्या खांद्यावर दोन बारीक रेघा दिल्या की 'झु' होतो. त्या बुजल्या तर 'सुझुकी'चं 'सुसुकी' होईल. जसा अनुस्वार गेला की 'आंबा'चा 'आबा' होतो. म्हणून मूळ अक्षर थोडं आक्रसून त्या रेघांना आधी जागा द्या.

दुसरी जोडी 'शि' आणि 'त्सु'. दोन्हींत दोन छोटे फटकारे आणि एक लांब. फरक फक्त कलाचा, आणि ठोकळ्यात कल उरत नाही. मग उपाय? 'शि'चे छोटे फटकारे डाव्या कडेला एकाखाली एक लावा, 'त्सु'चे वरच्या कडेला शेजारी शेजारी. लिहिणाऱ्याचा हातही तसाच चालतो.

सजावट म्हणजे गणवेश. सगळ्यांचा सारखा असावा, पण छातीवरची नावाची पट्टी झाकायची नाही. फॉन्ट झाला की लहान आकारात छापा आणि जपानी वाचणाऱ्या माणसाला दाखवा. तो कुठे अडखळला, तिथे खूण करा आणि तेवढंच अक्षर पुन्हा काढा.

तुम्ही काढलेली अक्षरं जरूर पाठवा. जय हिंद!